जुन्या मोटारीत शिरणारे पावसाचे पाणी

पावसाळी रात्रीनंतर सकाळी मोटारीचे दार उघडताच ओल्या तागाचा कुबट वास यावा, काचांवर आतल्या बाजूने बाष्प साचलेले दिसावे आणि पाय ठेवताच मॅटिंगमधून पाणी वर यावे, हा अनुभव जुन्या गाडीच्या मालकांना अपरिचित नाही. अनेक मालक त्याकडे वार्धक्याचे एक लक्षण म्हणून पाहतात, पायाखाली वर्तमानपत्रे पसरतात आणि पाऊस संपण्याची वाट पाहतात. वस्तुतः मोटारीच्या आयुष्याला इंजिनाच्या झिजेपेक्षाही हे पाणी अधिक घातक ठरते. इंजिन उतरवून दुरुस्त करता येते, गिअरबॉक्स बदलता येतो. परंतु ज्या पत्र्यावर सारी गाडी उभी असते तो आतून कुजला, तर तिच्यावर केलेला इतर सर्व खर्च वाया जातो.

याचे कारण मोटारीच्या रचनेत आहे. भारतीय रस्त्यांवर अनेक दशके वावरलेल्या ॲम्बॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८०० या तिन्ही गाड्यांना ट्रकप्रमाणे वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ तुळया, खांब आणि छप्पर हे सर्व एकमेकांना वितळजोड देऊन तयार झालेली पेटी हाच त्यांचा सांगाडा होय. आसनांचे बोल्ट याच तळात घट्ट केलेले असतात, सुरक्षापट्ट्यांची टोके त्याला किंवा त्याच्या शेजारच्या पत्र्याला अडकवलेली असतात, आणि जॅकही याच पत्र्याच्या कडेला लावला जातो. तळ गंजला की अपघाताच्या वेळी आसन जागचे हलण्याचा संभव निर्माण होतो. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्या तपासणीपूर्वी गाडी उचलून पाहिली असता तळाला पडलेली भोके प्रथमच दृष्टीस पडावीत, असे अनेक मालकांच्या बाबतीत घडते.

बेंगळुरूसारख्या शहरात या प्रश्नाला एक विशेष स्वरूप प्राप्त झाले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात वर्षाकाठी साधारणतः ९७० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईतील पावसाच्या तो निम्म्याहूनही कमी आहे. तथापि मुंबईचा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आटोपतो आणि नंतरचे आठ महिने गाडीला सुकण्यास मिळतात. बेंगळुरूचा पाऊस मात्र एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या सरींनी सुरू होतो, जून-जुलैमध्ये झिमझिमत राहतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा जोर धरतो आणि नोव्हेंबरातही अधूनमधून हजेरी लावतो. एकदा भिजलेले जाजम पुरते सुकण्यापूर्वीच पुन्हा भिजते. आकडा लहान असूनही तेथील पाऊस गाडीच्या तळाला अधिक दीर्घ काळ ओला ठेवतो, ही गोष्ट मुंबई-पुण्याहून बदली होऊन गेलेल्या मोटारमालकांच्या सहसा ध्यानी येत नाही.

गाडीवर किती पाणी पडते याचा हिशेब करून पाहणे बोधप्रद ठरेल. मारुती ८०० ची लांबी सुमारे ३.३ मीटर व रुंदी सुमारे १.४ मीटर, म्हणजे वरून दिसणारे तिचे क्षेत्र साडेचार चौरस मीटरांहून थोडे अधिक आहे. एका सायंकाळी ५० मिलिमीटर पाऊस झाला तर तिच्यावर सुमारे २३० लिटर पाणी कोसळते. २ जून २०२४ रोजी बेंगळुरूत एका दिवसात १११ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी उघड्यावर उभ्या असलेल्या अशा प्रत्येक गाडीवरून पाचशे लिटरांहून अधिक पाणी वाहून गेले असले पाहिजे. त्याचा शंभरावा भाग जरी आत शिरला तरी पाच लिटर होतात, आणि जाजमाखालचे तागाचे अस्तर तेवढे पाणी निमूटपणे शोषून घेते. वरून हात फिरवला असता केवळ दमटपणा जाणवतो.

मोटार पाण्याला पूर्णपणे बंद असते, ही समजूत मुळातच चुकीची आहे. प्रारंभीच्या मोटारी उघड्या होत्या, आणि पाऊस आला की त्यांवर कापडी टप ओढला जाई. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एडवर्ड बड यांनी संपूर्ण पोलादी पत्र्याच्या पेट्या घडविण्यास आरंभ केला, आणि १९२० नंतरच्या दशकात बंदिस्त मोटार सर्वसामान्य झाली. परंतु या बंदिस्त पेटीतही पाणी सर्वत्र अडवून धरण्याचा प्रयत्न आरेखकांनी केला नाही. काही ठिकाणी त्याला मुद्दाम आत येऊ दिले आणि ठरावीक वाटेने बाहेर काढून दिले. घराच्या पन्हाळीप्रमाणे मोटारीलाही पन्हाळी आहेत. जुन्या गाडीतील बहुतेक गळतींचा उगम रबर फाटण्यात जितका असतो तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, या पन्हाळी तुंबण्यात असतो. ही गोष्ट न जाणता गॅरेजमध्ये जाणारा मालक दारांची सर्व रबरे नवी घालून घेतो आणि पुढच्या पावसात पाणी पूर्ववत आत येते.

यांपैकी सर्वांत महत्त्वाची पन्हाळ समोरच्या काचेच्या पायथ्याशी असते. वायपरच्या खाली जी जाळी दिसते तिच्यातून गाडीत ताजी हवा घेतली जाते. त्याच जाळीतून काचेवरून ओघळणारे पाणीही खालच्या पोकळीत उतरते, आणि दोन्ही टोकांच्या छिद्रांतून मडगार्डच्या मागील बाजूस रस्त्यावर पडते. हवेचे तोंड या पोकळीत थोड्या उंचीवर ठेवलेले असते. छिद्रे मोकळी असेपर्यंत पाणी त्या उंचीला पोचत नाही. ती बंद झाली की पोकळीचे टाके होते, पाणी हवेच्या तोंडापर्यंत चढते आणि डॅशबोर्डखालून प्रवाशाच्या पायांवर येते. तेथेच विजेच्या तारांचे जुडगे व फ्यूजची पेटी असल्यास दिवे आपोआप लागणे, हॉर्न अडकणे, वायपर मधेच थांबणे असे चमत्कारिक दोष उद्भवतात, आणि वीजतंत्री त्यांचे कारण तारांमध्ये शोधत राहतो.

बेंगळुरूची वृक्षराजी येथे अप्रत्यक्षपणे कारणीभूत होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लालबागचे प्रमुख असलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव क्रुंबिगेल यांनी वर्षभर एकामागून एक झाड फुलत राहील अशा रीतीने रस्त्यांवरील वृक्षांची योजना केली, असे सांगितले जाते. त्या परंपरेने शहराला अपूर्व शोभा आणली आहे, यात शंका नाही. परंतु जॅकरंडा, गुलमोहर, पर्जन्यवृक्ष आणि स्थानिक लोक ज्याला होंगे म्हणतात तो करंज यांची फुले व बारीक पर्णिका जाळीच्या फटींतून सहज आत जातात. गुलमोहर आणि करंज नेमके वळवाच्या सरींच्या तोंडावर फुलतात. मल्लेश्वरम् किंवा जयनगरच्या सावलीदार रस्त्यावर रोज उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पोकळीत दोन-तीन वर्षांत या कचऱ्याचे काळे खत तयार होते. बोनेट उघडून, जाळीचे स्क्रू काढून ते हाताने बाहेर काढावे, छिद्रांतून मऊ नळी घालून ती मोकळी करावी आणि एक तांब्या पाणी ओतून ते दोन्ही चाकांमागे पडते की नाही हे पाहावे. कठीण तार खुपसणे टाळलेले बरे, कारण तिच्याने पत्र्यावरील रंग खरवडला जाऊन नव्या गंजाची सुरुवात होते. एक पैसाही खर्च न होता बरी होणारी ही गळती असल्यामुळे तपासणीचा आरंभ येथूनच करणे शहाणपणाचे आहे.

दाराची गोष्ट याहून विलक्षण आहे. खालीवर होणाऱ्या काचेच्या बाहेरील फटीतून पाणी दारात शिरतेच. ते अडवता येत नाही आणि अडवण्याची आवश्यकताही नसते. दाराच्या पोटातून ते खाली उतरते व तळाशी असलेल्या छिद्रांतून बाहेर जाते. आतील बाजूच्या रेक्झिनच्या फळीमागे प्लॅस्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो. पाणी फळीकडे न येता दारातच राहावे एवढेच त्याचे काम. दिसण्यात क्षुद्र असलेल्या या कागदाची उपेक्षा जितकी होते तितकी गाडीच्या दुसऱ्या कोणत्याही भागाची होत नसेल. काच चढवण्याचे यंत्र दुरुस्त करताना किंवा ध्वनिक्षेपक बसवताना तो फाडला जातो, आणि फळी पुन्हा लावली की आत काय झाले हे कोणालाच दिसत नाही. फळीचा खालचा भाग फुगलेला असेल, तिच्यावर पाण्याचे डाग असतील आणि दारालगतचे जाजम ओले असेल, तर कागद फाटला असे समजण्यास हरकत नाही. जाड पॉलिथीनचा नवा तुकडा कापून तो न सुकणाऱ्या ब्यूटाइल पट्टीने चिकटवावा. त्याची खालची कड मात्र दाराच्या खाचेतून आत सोडली पाहिजे, अन्यथा कागदावरून ओघळलेले पाणी पुन्हा गाडीतच येते. दाराखालची छिद्रे गंजरोधक डांबराच्या फवाऱ्याने बुजलेली आढळतात. गाडीच्या रक्षणासाठी केलेला हा उपचार अशा रीतीने दाराचा तळ कुजवण्यास कारणीभूत होतो.

दाराभोवतीच्या रबराची परीक्षा अगदी साध्या साधनांनी होते. दाराच्या ज्या कडेवर रबर टेकते तिला खडू चोळावा, दार लावून उघडावे आणि रबरावर खडूची रेघ कोठे तुटली आहे ते पाहावे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावले आणि ती सहज ओढून निघाली, तर तेथे रबराचा दाब पुरेसा नाही. मात्र दोष रबराचाच आहे असे लगेच मानू नये. जुन्या गाडीचे दार स्वतःच्या वजनाने मागील बाजूस लोंबते. अर्धवट उघडलेले दार टोकाला धरून उचलले असता ते वर-खाली हलत असेल, तर बिजागरीची खीळ झिजली आहे. ती बदलल्याशिवाय घातलेले नवे रबर सहा महिन्यांत दबून जाते.

समोरची व मागची काच जुन्या गाड्यांत रबरी चौकटीत बसवलेली असते. अलीकडच्या गाड्यांप्रमाणे ती पत्र्याला चिकटवलेली नसते. ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे हे रबर कडक होते, आकसते आणि कोपऱ्यांत भेगाळते. गाडी उभी असताना अशा भेगांतून थोडेच पाणी शिरते. ती वेगात असताना वाऱ्याच्या दाबाने ते फटीत ढकलले जाते. काचेच्या कडेला नखाने रबराची ओठासारखी किनार उचलून पाहिली असता खाली तांबूस पूड दिसली, तर गंज पत्र्याच्या कडेपर्यंत पोचला आहे. अशा वेळी वरून सिलिकोन भरणे हा सर्वत्र केला जाणारा आणि सर्वांत अनिष्ट उपाय होय. व्हिनेगारसारखा वास येणाऱ्या सिलिकोनमधून सुकताना ॲसेटिक आम्ल बाहेर पडते व ते उघड्या पोलादाला खाते. शिवाय पुढे त्या जागी रंग किंवा दुसरा कोणताही लेप धरत नाही. रबर अद्याप लवचीक असेल तर त्याच्या किनारीखाली कधीही कडक न होणारा काचेचा लेप भरणे पुरते. अन्यथा काच काढली पाहिजे.

काच पुन्हा बसवण्याची कारागिरांची पद्धत पाहण्यासारखी असते. प्रथम चौकटीचा गंज घासून, रेड ऑक्साइड अथवा जस्तयुक्त प्राइमर व रंग देऊन तो पुरता सुकू दिला जातो. नवे रबर काचेभोवती चढवून त्याच्या बाहेरील खाचेत एक मजबूत दोरी गुंडाळतात व तिची दोन्ही टोके गाडीच्या आत सोडतात. साबणाच्या पाण्याने सर्व निसरडे करून एक जण बाहेरून काच तळहाताने दाबतो आणि दुसरा आतून दोरी हळूहळू ओढतो. दोरी निघत जाते तशी रबराची किनार पत्र्यावर चढत जाते. घाई केली तर कोपऱ्यात काच तडकते, म्हणून अनुभवी मिस्त्री उन्हात रबर मऊ करून घेतल्याखेरीज हे काम हाती घेत नाहीत. बेंगळुरूच्या जे. सी. रोडवरील सुट्या भागांच्या दुकानांत मारुती ८०० ची रबरे मिळतात. पद्मिनी व ॲम्बॅसॅडरसाठी मात्र पुष्कळदा शिवाजीनगरच्या गुजरी बाजाराची वाट धरावी लागते, आणि तेथे जुने रबर घेताना ते बोटांत दुमडून भेगा पडतात का हे पाहणे आवश्यक असते.

ॲम्बॅसॅडर व पद्मिनी यांच्या छपराच्या कडेने जी पन्हाळ जाते तिच्यात छपराचा व बाजूचा पत्रा जोडलेला असतो. सांध्यातील मूळ लेप काही दशकांनी तडकतो आणि पाणी खांबांच्या पोकळीतून थेट तळापर्यंत उतरते. वरचे अस्तर कोरडेच राहत असल्याने संशय इतरत्र घेतला जातो. जुना लेप खरवडून, प्राइमर देऊन, सांधे बुजवण्याचा नवा लेप भरावा व वरून रंग द्यावा. डिकीत पाणी आढळल्यास मागील दिव्यांच्या रबरी गॅस्केट, आणि अँटेना व वायपरच्या दांड्यांखालची रबरी वायसर या लहान वस्तूंकडे पाहावे.

गळती शोधण्यात खरी अडचण अशी की पाणी जेथे दिसते तेथे ते शिरलेले नसते. पत्र्याच्या आतील बाजूला चिकटून, तारांच्या जुडग्यावरून, गाडी ज्या उताराला उभी असेल त्या दिशेने ते प्रवास करते. बसवनगुडीच्या चढावर तोंड वर करून उभ्या केलेल्या गाडीत पुढून शिरलेले पाणी मागील आसनाखाली साचते. म्हणून पाणी ओतण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. गाडी उभी असतानाच ती भिजते, की ओल्या रस्त्यावर चालवल्यानंतर? केवळ चालवल्यावर भिजत असेल तर चाकांनी उडवलेले पाणी तळाच्या निसटलेल्या रबरी बुचांतून किंवा गंजाच्या भोकांतून येत असण्याचा संभव अधिक. कोरड्या दिवशीही डाव्या पायाशी स्वच्छ पाणी येत असेल तर वातानुकूलन यंत्राची निचऱ्याची नळी तुंबली आहे. ते पाणी रंगीत व बोटांना बुळबुळीत लागत असेल तर तो इंजिन थंड ठेवणारा द्रव आहे, आणि हीटर तपासला पाहिजे. पाऊस कोणत्या महिन्यात पडला हेही नोंदवण्याजोगे असते. जून ते ऑगस्ट या काळात वारे मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून वाहतात आणि ऑक्टोबरानंतर ईशान्येकडून. रोज एकाच जागी एकाच दिशेला उभी राहणारी गाडी म्हणूनच जुलैमध्ये एका बाजूने व ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या बाजूने गळू शकते.

यानंतर जाजम, अस्तर व शक्य तर आसनेही बाहेर काढून तळ पुसून कोरडा करावा. संशयित जागांखाली टाल्कम पावडर भुरभुरावी. एका व्यक्तीने विजेरी घेऊन आत बसावे व दुसरीने बाहेरून नळीने पाणी सोडावे. पाण्याला जोर नसावा. धुलाईकेंद्रातील दाबाच्या फवाऱ्याने चांगल्या रबरातूनही पाणी आत जाते आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आरंभ खालून करून वर चढत जावे, आणि प्रत्येक जागी किमान पाच मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केल्यास पाणी एकाच वेळी सर्व फटींवरून ओघळते व दोषी फट ओळखता येत नाही. पावडरीत उमटलेली पाण्याची रेघ मागे मागे शोधीत गेले की ती उगमापाशी नेते. ज्या गाडीत जोरदार पंखा आहे तिच्या काचा बंद करून, बाहेरची हवा आत घेत पंखा पूर्ण गतीने चालवावा व बाहेरील सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. आतला दाब वाढलेला असल्यामुळे जेथून हवा निसटते तेथे बुडबुडे येतात.

उगम सापडून बंद झाला तरी काम संपत नाही. अस्तर दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावे. पिंजून लगदा झालेला ताग टाकून देऊन नवा घालणेच योग्य. तळाचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिला असता खणखणीत आवाज आला तर तो शाबूत आहे. बद्द आवाज आला किंवा टोक आत रुतले तर तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडावा लागतो. दक्षिणेत ज्याला टिंकर म्हणतात त्या कारागिराकडून हे काम करून घेताना पत्रा सर्व कडांनी वितळजोड देऊन बसवला आहे ना, हे रंग देण्यापूर्वी समक्ष पाहावे. भोकावर फायबरचा तुकडा ठेवून, लांबी भरून, वरून डांबर फासलेला तळ नव्यासारखा दिसतो. पण त्याला काडीचेही बळ नसते. वितळजोडाच्या वेळी बॅटरी सोडवून ठेवणे आणि जवळपासचे जाजम व पेट्रोलची नळी दूर करणे अपरिहार्य आहे. तळातील बुचे पुन्हा बसवावीत, परंतु दारांखालच्या तुळयांना जी निचऱ्याची छिद्रे असतात ती बुजवू नयेत.

जाजम परत अंथरण्याची घाई करण्याचे कारण नाही. एक-दोन मोठ्या सरी गाडी तशीच उघड्या तळाने वापरावी, सकाळी कोपऱ्यांत कोरडा टिपकागद दाबून पाहावा, आणि तो कोरडा राहिल्यावरच अस्तर घालावे. ज्या गाडीची दुरुस्ती जुलैत झाली असेल तिचा टिपकागद ऑक्टोबरात, वारा फिरल्यावर, पुन्हा एकदा लावून पाहिला पाहिजे.